फोटो एकेक करून लहान करू नका

केज, गेवराई, आष्टी, माजलगाव, तालुका कुठलाही घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पीक विम्याची मुदत बहुतेक वेळा ३१ जुलैची. त्याच सुमाराला बँकेच्या परीक्षांचे अर्ज, कॉलेजचे प्रवेश, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले. बाहेर रांग वाढत असते आणि आत केंद्रचालक एकाच कामात अडकलेला असतो: फोटो आणि सही केबीत बसवणे.

हा लेख त्या केंद्रचालकासाठी आहे. बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत सेतू, आपले सरकार आणि सीएससी केंद्रे चालवणारी तरुण मुले-मुली हे काम हाताने करतात आणि त्यात त्यांचे तासन्‌तास जातात. हे काम संगणकावर सोपवता येते. त्यासाठी विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही, वेगवान मशीनही लागत नाही. लागते ती दहा-पंधरा ओळींची एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने करायच्या कमांडची साध्या फाइलमध्ये लिहून ठेवलेली यादी.

आधी अडचण नेमकी काय आहे ते पाहू. आयबीपीएसच्या बँक परीक्षांच्या जाहिरातीत फोटो २०० × २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० × २४०, २० ते ५० केबी. हाताने लिहिलेले घोषणापत्र ८०० × ४००, ५० ते १०० केबी. मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो मात्र ४००० × ३००० पिक्सेलचा, तीन-चार एमबीचा असतो. म्हणजे एका उमेदवाराच्या चार फाइल आणि चारही वेगवेगळ्या मापाच्या. दुसऱ्या परीक्षेचे माप आणखी वेगळे. काही परीक्षांत आता फोटो अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर काढावा लागतो. तिथे फोटोपुरती स्क्रिप्ट उपयोगाची नाही, पण सही, अंगठा आणि घोषणापत्र राहतेच.

आज हे काम दोन तऱ्हांनी होते. पेंटमध्ये फोटो उघडायचा, टक्के कमी करायचे, सेव्ह करून केबी बघायचे, जास्त भरले की पुन्हा तेच. नाहीतर गुगलवर शोधून सापडेल त्या वेबसाइटवर फोटो टाकायचा आणि लहान झालेला उतरवून घ्यायचा. दुसरी पद्धत मला पहिलीपेक्षा वाईट वाटते. ज्या वेबसाइटचा मालक कोण, सर्व्हर कुठला, फाइल किती दिवस ठेवतात, यातले काहीच आपल्याला ठाऊक नाही, तिच्यावर आपण एका माणसाचा फोटो, सही, अंगठा आणि पुष्कळदा आधार कार्डही चढवतो. बँकेत त्या माणसाची ओळख पटवायला एवढेच पुरते. विश्वासाने हातात दिलेला कागद आपण चौकात ठेवून येत नाही. फाइलचेही तसेच आहे. स्क्रिप्टने वेळ वाचतो हे खरेच, पण तिचा मोठा फायदा हा की सगळे काम आपल्याच मशीनवर होते, इंटरनेट बंद असले तरी होते.

यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव इमेजमॅजिक. ड्युपाँट कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये त्याची सुरुवात केली, १९९० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि आजही फुकट मिळते. उबुंटूवर एका कमांडमध्ये बसते. विंडोजवर त्याच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्यावे. विंडोजमध्येच लिनक्सचे शेल हवे असेल तर डब्ल्यूएसएल चालू करता येते, आणि या लेखातली स्क्रिप्ट त्यातच चालवणे सोयीचे. संगणक नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचे ॲप एफ-ड्रॉइड या वेबसाइटवरून घ्या, त्यातही इमेजमॅजिक बसते. वसतिगृहात राहून परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हा मार्ग बरा.

इथे एक फसगत ठरलेली आहे. इमेजमॅजिकची जुनी कमांड 'कन्व्हर्ट' या नावाची होती. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत तीच दिसते. पण विंडोजमध्ये याच नावाची विंडोजची स्वतःची कमांड आहे आणि ती फोटो बदलण्यासाठी नसून हार्ड डिस्कची फाइल-रचना बदलण्यासाठी आहे. म्हणून सातव्या आवृत्तीपासून वापरात आलेली 'मॅजिक' हीच कमांड वापरा. उबुंटूवर जुनी सहावी आवृत्ती बसली असेल तर तिथे मात्र 'कन्व्हर्ट'च चालते.

कमांड मी इथे शब्दांत सांगतो आहे. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायच्या. प्रत्येक भाग कशासाठी आहे हे कळले की चिन्हाची चूक झाली तरी ती कुठे झाली हे सापडते, आणि नुसती नक्कल केली तर सापडत नाही.

कामाला लागण्यापूर्वी दोन फोल्डर करा, 'मूळ' आणि 'तयार'. त्यांची नावेही रोमन अक्षरांत ठेवा. आलेला प्रत्येक फोटो 'मूळ'मध्ये जाईल आणि तिथून कधीही बदलला जाणार नाही. लहान झालेला 'तयार'मध्ये पडेल. फाइलचे नाव आपल्या रजिस्टरमधल्या अनुक्रमांकावरून द्या, पुढे फोटो, सही, अंगठा असे जोडा. काही पोर्टल देवनागरी नावाची किंवा नावात मोकळी जागा असलेली फाइल घेत नाहीत, तो त्रासही यामुळे टळतो.

आता एका फोटोची कमांड. सुरुवातीला 'मॅजिक', मग मूळ फाइलचे नाव, मग काय काय करायचे ते, आणि शेवटी तयार फाइलचे नाव. मधल्या प्रत्येक सूचनेच्या आधी उणे चिन्ह असते.

पहिली सूचना 'ऑटो-ओरिएंट'. मोबाइल आडवा किंवा उभा धरला तरी कॅमेरा पुष्कळदा चित्र एकाच दिशेने साठवतो आणि 'हे इतके फिरवून दाखवा' अशी टीप फाइलच्या पोटात लिहितो. आपल्या स्क्रीनवर फोटो सरळ दिसतो, पोर्टलवर चढवला की आडवा झोपतो, त्याचे कारण ही टीप. 'ऑटो-ओरिएंट' चित्र खरोखरच सरळ करते. हे सर्वांत आधी करायचे.

दुसरी सूचना 'रिसाईज', तिच्यापुढे २००, मग एक्स हे अक्षर, मग २३०, मध्ये जागा न सोडता. एवढेच लिहिले तर फोटो त्या चौकटीच्या आत मावेल इतका लहान होतो, पण लांबी-रुंदीचे प्रमाण तसेच राहते, म्हणून एक बाजू कमी पडते. शेवटी उद्गारचिन्ह लावले तर चित्र ताणून नेमके २०० × २३० होते आणि चेहरा रुंद किंवा लांबट दिसतो. असा ताणलेला फोटो पाठवू नये, ओळख पटवताना उमेदवाराला त्रास होतो. उद्गारचिन्हाऐवजी टोपीचे चिन्ह, म्हणजे कीबोर्डवर सहाच्या डोक्यावर असते ते, लावा. त्याने चौकट पूर्ण भरते आणि जास्तीचा भाग बाहेर उरतो.

तो जास्तीचा भाग कापायला 'ग्रॅव्हिटी' आणि 'एक्स्टेंट' या दोन सूचना. बहुतेक उदाहरणांत ग्रॅव्हिटीपुढे 'सेंटर' लिहिलेले असते. पासपोर्ट फोटोसाठी ते चुकीचे ठरते, आणि का ते आकड्यांत पाहा. मोबाइलवर उभा काढलेला फोटो तीनास चार प्रमाणात असतो. रुंदी २०० केली की उंची साधारण २६७ होते. आपल्याला हवी २३०. म्हणजे ३७ पिक्सेल कापायचे. मध्य धरला तर निम्मे वरून जातात आणि डोक्यावरचे केस कापले जातात. म्हणून 'सेंटर'ऐवजी 'नॉर्थ' लिहा. वरचा भाग पूर्ण राहतो आणि काप खाली, शर्टावर बसतो. त्यानंतर 'एक्स्टेंट', पुन्हा २०० एक्स २३०.

पाचवी सूचना 'स्ट्रिप'. फोटो कुठल्या मोबाइलने, किती वाजता, लोकेशन चालू असेल तर कुठल्या ठिकाणी काढला ही सगळी माहिती फाइलमध्ये दडलेली असते. ती 'स्ट्रिप'ने निघून जाते. हिचा क्रम 'ऑटो-ओरिएंट'च्या नंतरच हवा, कारण फिरवण्याची टीपही त्याच माहितीत असते. आधी पुसली तर फोटो सरळ करायला काही आधारच उरत नाही.

सहावी सूचना केबीची, आणि हिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. 'डिफाइन' लिहून पुढे 'जेपीईजी', विसर्गासारखी दोन टिंबे, 'एक्स्टेंट', बरोबरचे चिन्ह आणि ४५ केबी. एवढे सांगितले की इमेजमॅजिक स्वतःच वेगवेगळे दर्जे करून पाहते आणि ४५ केबीच्या आत बसणारा सर्वांत चांगला निवडते. पेंटमध्ये आपण जे पुन्हा पुन्हा सेव्ह करत बसतो तेच काम ते क्षणात करते. याच्या जोडीला 'क्वालिटी' ही सूचना लिहू नका, लिहिली तर दर्जा त्या आकड्याच्या वर जात नाही आणि फाइल २० केबीच्या खालीही पडू शकते. मर्यादा ५० असली तरी मी ४५ सांगतो, कारण कुणी एक केबी १००० बाइटचा धरते, कुणी १०२४ चा, आणि सीमेवरची फाइल एखादे पोर्टल परत करते.

सहीचे गणित उलटे आहे. पांढऱ्या कागदावरची काळी सही १४० × ६० केली की पुष्कळदा चार-पाच केबीचीच होते आणि किमान १० केबीची अट मोडते. दर्जा वाढवून उपयोग नाही, चित्रात तेवढा मजकूरच नसतो. जाहिरातीत हे माप 'शक्यतो' म्हणून दिलेले असेल तर प्रमाण तेच ठेवून दुप्पट करा, २८० × १२०, आणि वरची मर्यादा १८ केबी द्या. सही रेघांच्या वहीवर घेऊ नका. कोऱ्या कागदावर, काळ्या शाईने, उजेडात घ्या. अंधारात काढलेल्या फोटोतला करडा कागद 'नॉर्मलाइज' या सूचनेने बराच पांढरा होतो.

एका फोटोची कमांड जमली की ती शंभरांना लावणे सोपे. शेलमध्ये त्यासाठी 'फॉर' हा लूप आहे, म्हणजे तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवणारी रचना. पहिल्या ओळीत सांगायचे की 'मूळ' फोल्डरमधली प्रत्येक जेपीजी फाइल एकामागून एक 'एफ' या नावाने घे. मग 'डू', त्याखाली आपली कमांड, फक्त फाइलच्या नावाच्या जागी डॉलर चिन्ह लावून 'एफ'. शेवटी 'डन'. डॉलर-एफ नेहमी दुहेरी अवतरणात ठेवा. नाहीतर नावात मोकळी जागा असलेल्या फाइलचे शेल दोन तुकडे करते आणि 'फाइल सापडत नाही' असा संदेश येतो. मापाभोवती एकेरी अवतरण द्या, कारण उद्गारचिन्ह आणि 'पेक्षा मोठे'चे चिन्ह यांना शेलमध्ये स्वतःचे वेगळे अर्थ आहेत. थेट विंडोजच्या काळ्या खिडकीत मात्र एकेरी अवतरण चालत नाही, तिथे दुहेरीच.

लिनक्सला लहान लिपीतले आणि मोठ्या लिपीतले 'जेपीजी' वेगळे वाटते. काही कॅमेरे शेवट मोठ्या अक्षरांत लिहितात, काही फाइल 'जेपीईजी' असतात. स्क्रिप्ट त्यांना गुपचूप वगळते, चूक झाल्याचा संदेशही देत नाही. त्यामुळे काम संपल्यावर दोन्ही फोल्डरमधल्या फाइल मोजून पाहण्याची सवय लावा.

आता वीज. आपल्याकडे ती न सांगता जाते हे धरूनच स्क्रिप्ट लिहायची. साठ फोटो झाल्यावर मशीन बंद पडले तर पुन्हा पहिल्यापासून नको, म्हणून कमांडच्या आधी एक अट घाला: 'तयार'मध्ये या नावाची फाइल आधीच असेल तर पुढे जा. पण एवढ्यावर थांबलात तर वेगळाच घोळ होतो. वीज गेली त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट पडलेली असते. पुढच्या वेळी स्क्रिप्टला ती 'आहे' असे दिसते आणि ती वगळली जाते. खालचा निम्मा भाग करडा असलेले फोटो असेच अर्जात जातात. म्हणून तयार फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, त्या नावाचाही शेवट जेपीजी ठेवायचा, आणि ती पूर्ण झाली तरच 'एमव्ही' कमांडने खरे नाव द्यायचे. दोन्हींच्या मध्ये अँडची दोन चिन्हे टाकली की पहिले काम यशस्वी झाल्याशिवाय दुसरे होत नाही. स्क्रिप्टमधली ही ओळ कधीही गाळू नका.

लूपच्या शेवटी तयार फाइलचे बाइट मोजा आणि किमान-कमाल मर्यादेबाहेरच्या फाइलचे नाव वेगळ्या यादीत लिहून ठेवा. शंभरातले चार-पाच त्या यादीत येतील, तेवढेच हाताने पाहायचे.

'मॉग्रिफाय' नावाची दुसरी कमांड लूप न लिहिता सगळ्या फाइल एकदम बदलते, म्हणून ती सोपी वाटते. पण ती मूळ फाइलवरच लिहिते. 'पाथ' देऊन वेगळे फोल्डर सांगितले नाही तर तीन एमबीचे सगळे फोटो एका क्षणात ४५ केबीचे होतात आणि परत येत नाहीत. नवशिक्याने तिच्यापासून लांबच राहावे.

काही फाइल या स्क्रिप्टमध्ये घालायच्याच नाहीत. अतिवृष्टीने, गारपिटीने पिकाचे नुकसान झाले की भरपाईच्या दाव्यासाठी शेतकरी शेताचे फोटो काढून ठेवतो. त्या फोटोतली तारीख आणि ठिकाण हाच त्याचा पुरावा. त्यावर 'स्ट्रिप' चालवली तर पुरावा पुसला गेला. असे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, जसेच्या तसे ठेवा, आणि शेतकऱ्यालाही मोबाइलमधले मूळ फोटो दावा मिटेपर्यंत काढून टाकू नका असे बजावून सांगा.

सातबारा, आठ-अ, पासबुक, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र यांना फोटोचे माप लावायचे नाही, अक्षर वाचता आले पाहिजे. ए-फोर कागद १५० डीपीआयला १२४० × १७५४ पिक्सेलचा होतो. तेवढे माप द्या, रंग काढून करडा करा, आणि मापाच्या शेवटी 'पेक्षा मोठे'चे चिन्ह लावा, म्हणजे मोठी चित्रेच लहान होतील आणि आधीच लहान असलेले चित्र फुगवले जाणार नाही. झाल्यावर गट क्रमांक आणि खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा स्क्रीनवर वाचून बघा. तीन आणि आठ यांत फरक दिसत नसेल तर पुन्हा स्कॅन करा.

आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट विशेष. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर असतात आणि मुलांचे अर्ज मात्र इथे भरले जातात. कागद व्हॉट्सॲपवर येतात. व्हॉट्सॲप साधा पाठवलेला फोटो स्वतःच दाबून लहान करते. चेहऱ्याच्या फोटोला ते चालते, कागदाला नाही. तिकडून पाठवणाऱ्याला सांगा: फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फडावरच्या माणसाला दुसऱ्यांदा कागद शोधायला आणि नेटवर्क गाठायला लावणे म्हणजे त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवणे.

अर्ज भरून पावती दिली की फाइल ठेवायच्या किती दिवस? हे केंद्राने ठरवून भिंतीवर लिहावे. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला, पण कायदा नसता तरी दुसऱ्याची सही आपल्या मशीनवर वर्षानुवर्षे पडून राहणे बरोबर नाही. 'फाइंड' कमांडला ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या फाइल शोधून पुसायला सांगता येते. आधी नुसती यादी छापून पाहा, यादी बरोबर असली तरच पुसण्याची सूचना जोडा. नुकसानीच्या फोटोंचे फोल्डर तिच्या वाटेत येऊ देऊ नका.

स्क्रिप्ट चेहरा ओळखत नाही, डोळे मिटलेले आहेत का, एकाची सही दुसऱ्याच्या क्रमांकावर गेली का, हे तिला कळत नाही. वाचलेला वेळ तिथे द्या. अर्ज पाठवण्याआधी स्क्रीन समोरच्याकडे वळवा आणि नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक त्याला वाचून दाखवा.

गर्दीच्या दिवशी हे शिकायला घेऊ नका. पुढची मुदत येण्याआधी, दुकान रिकामे असेल अशा दुपारी, घरच्यांचेच पाच फोटो दोन फोल्डरांत टाकून स्क्रिप्ट चालवा, आणि तुमच्या गावातल्या दुसऱ्या केंद्रालाही ती देऊन टाका.